काकांचा दस्त आणि अठ्ठ्याण्णव टक्के

परवा एका इंजिनिअरिंग कॉलेजात परीक्षक म्हणून गेलतो. परीक्षक म्हंजे काय लई मोठं नाही, फायनल इयर कॉम्प्युटरच्या पोरापोरींचं प्रोजेक्ट प्रदर्शन होतं, बाहेरची तीन-चार माणसं लागतात, माझा एक जुना मित्र तिथं शिकवतोय, त्यानं आदल्या रात्री साडेदहाला फोन केला, भावा एकानं ऐनवेळी टांग दिलीय, तू ये. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरातनं करतोय, लॉकडाऊनमध्ये कोल्हापुरात आलो ते परत गेलोच नाही, त्यामुळं "तू काय, घरीच असतोस की" हे वाक्य माझ्यावर कुणीही फेकतं. रजा टाकली आणि गेलो.

आता परीक्षक व्हायची माझी लायकी काय तेपण सांगून टाकतो. २००९ ला माझा स्वतःचा प्रोजेक्ट होता हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम. व्हीबी सिक्स, मागं अ‍ॅक्सेसचा डेटाबेस. सिनियरकडनं घेतलेला, आम्ही चौघांनी मिळून फक्त फॉर्मचा रंग बदलला, करड्याचा आकाशी केला. आणि एका फॉर्मवर सिनियरच्या गावातल्या दवाखान्याचं नाव तसंच राहिलं. एक्स्टर्नलनी नेमकं तिथंच बोट ठेवलं, म्हणाले हे कुठलं? मी म्हणालो सर तो आमचा क्लायंट. पास झालो. हे इथं लिहितोय कारण त्या हॉलमध्ये शिरताना मला तेच आठवत होतं, गळ्यात बिल्ला, हातात पेन, आणि मनात आकाशी फॉर्म.

चाळीसेक टेबलं असतील. प्रत्येकावर लॅपटॉप, पाठीमागं फ्लेक्सचं पोस्टर, पोरं ब्लेझर घालून घामाघूम, पोरींनी साड्या नेसलेल्या. माझ्या हातात एक तक्ता दिला, नावीन्य, सादरीकरण, अचूकता, समाजोपयोग, प्रत्येकी पंचवीस मार्क. अचूकतेच्या रकान्यात काय बघून मार्क द्यायचे म्हणून विचारलं तर को-ऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, पोस्टरवर पोरं टक्के लिहितात की सर, त्या हिशोबानं द्या. त्या एका रकान्यानं पुढं दिवसभर माझं डोकं खाल्लं.

पहिल्याच ओळीत चेहरा बघून हजेरी. एक नाही दोन नाही, पाच टेबलं. पाचही पोस्टरवर अठ्ठ्याण्णवच्या आसपास आकडा. मी एका पोराला म्हणालो तुझा फोटो दाखव मोबाइलवर, त्यानं इन्स्टावरचा काढला, गॉगलशिवायचा शोधायला जरा वेळ लागला, मी तो मोबाइल घेतला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. हिरवी चौकट आली, खाली नाव, पुढं प्रेझेंट. पोरगं माझ्याकडं बघालंय, मी त्याच्याकडं. मग म्हणतंय, "सर, पण ओळखलं तर बरोबर की." आता ह्याला काय बोलणार, खरंच बरोबर ओळखलं होतं. पाचातल्या एकीनं डोळ्यांची उघडझाप होतेय का ते तपासायची सोय घातली होती, फोटो धरला की लाल चौकट यायची. तिला विचारलं हे कुणी सुचवलं, तर म्हणाली कुणी नाही सर, आमच्या वर्गातली पोरं काय करतील ते मला माहिताय.

मग चॅटबॉट. आरोग्याचा, शेतीचा, कायद्याचा, एक तर लग्न जुळवायचा. ह्यात बहुतेकांनी प्रश्न घ्यायचा, बाहेरच्या मोठ्या एआय मॉडेलला पाठवायचा आणि आलेलं उत्तर दाखवायचं एवढंच केलंय, "ह्यात तुमचं काय?" विचारलं की उत्तर "प्रॉम्प्ट, सर", म्हंजे मॉडेलला काय सांगायचं ते शब्द तेवढे ह्यांचे. मध्ये दहा मिनिटं हॉलचं वायफाय गेलं तर ती सगळी रांग एकदम गप्प झाली, लाईट गेल्यावर पिठाची गिरणी थांबते तशी. त्यावर जास्त लिहीत नाही, आमच्या वेळी नेट असतं तर आम्हीपण हेच केलं असतं.

खरी मजा पलीकडच्या भिंतीला होती.

तिथं उसाच्या पानावरचे रोग ओळखायचा एक प्रोजेक्ट होता, दोन पोरं आणि एक पोरगी, तिघंही शेतकऱ्याघरची. शेजारच्याच टेबलावर टोमॅटोच्या पानांचा प्रोजेक्ट, त्यांचे नव्याण्णव टक्के, आणि ह्यांच्या पोस्टरवर मात्र दोन आकडे, एक नव्वदच्या वरचा आणि एक निम्म्याच्या आसपासचा, आणि तो निम्म्याचा मोठ्या अक्षरात. मी म्हणालो हे काय? पोरगी म्हणाली सर आधी आम्ही फोटो गोळा केले, एकेका उसाचे आठ-दहा फोटो, मग कॉम्प्युटरला म्हणालो ह्यातले काही शिकायला घे आणि काही परीक्षेला ठेव. पण एकाच उसाचे सात फोटो शिकवणीला आणि तीन परीक्षेला गेले की ती कसली परीक्षा, पेपर फुटल्यातच जमा. मग त्यांनी रानं वेगळी केली. म्हंजे ह्या चार रानांवर शिकायचं आणि ज्या रानाचा एकपण फोटो बघितला नाही त्याच्यावर परीक्षा द्यायची. आकडा धाडकन खाली आला. आणि का आला तेपण त्यांनी शोधलं होतं, एका रानाच्या कडेनं गाडीवाट होती, ट्रॅक्टर जाऊन जाऊन पानावर तांबडी धूळ बसलेली, मॉडेलला ती तांबेरा रोग वाटत होती.

शेजारच्या टोमॅटोवाल्यांचे नव्याण्णव कुठनं आले ते मला आधीच माहीत होतं. प्लँटव्हिलेज म्हणून फोटोंचा एक मोठा साठा फुकट मिळतोय, ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग, पान तोडून साध्या कागदासारख्या पाठीवर ठेवून काढलेले. ऊस त्यात नाहीच. २०१६ साली त्याच फोटोंवर जो गाजलेला पेपर आला त्यात ९९.३५ टक्के अचूकता दिलीय, सगळे तेवढंच उचलतात, पण त्याच पेपरात असंही लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली. उसाच्या पोरांनी तो पेपर शेवटपर्यंत वाचला होता. त्यांच्या गाईडनी म्हणे सांगितलेलं की तो खालचा आकडा काढा पोस्टरवरनं, परीक्षकांना आवडणार नाही. ह्यांनी तो मोठा करून छापला. विषय हार्ड.

अचूकतेच्या रकान्यात मी काय लिहू सांगा बरं. पोस्टरच्या हिशोबानं टोमॅटोला पंचवीस आणि उसाला बारा.

त्याच्या पुढचं टेबल गुळाचं. पन्हाळ्याच्या बाजूचा एक पोरगा, घरचं गुऱ्हाळ, आणि प्रोजेक्ट असा की काहिलीतला, म्हंजे मोठ्या कढईतला, पाक उतरवायची वेळ मशीननं ओळखायची. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलंय त्यांना माहिताय, सगळा खेळ त्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांचा. भेंडीचा चीक घालून मळी काढलेली असते, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ, जाळ अन् धूर संगटच, आणि गूळ करणारा गुळव्या थोडा पाक गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी करून बघतोय. लवकर उतरवला तर गूळ मऊ पडणार, उशीर झाला तर करपणार. पुस्तकात ११८ अंशांच्या आसपास असं असतंय. पोरांनी आधी सरळ तापमानाचा सेन्सर काहिलीत सोडला. दोन दिवसांत त्या सेन्सरवर गुळाचं जाडजूड कवच चढलं, आतला सेन्सर गार आणि बाहेर पाक उकळतोय, आकडा नेहमी मागंच. रोज संध्याकाळी ते कवच फोडून खायचं काम पार्टनरचं. मग कॅमेरा लावला, वाफेनं काच धुरकट. शेवटी गुळव्यालाच विचारलं मामा तुम्ही कशावरनं ओळखता, तो म्हणाला गोळी नंतर रे, आधी आवाज बदलतोय. मग मोबाइलचा माइक.

इथपर्यंत कुणीही पोचलं असतं. ह्यानं पुढं केलं ते असं. मॉडेलला शिकवायला कुणीतरी सांगायला लागतंय की हा आवाज "झाला"चा आणि हा "नाही झाला"चा. म्हणून त्यानं गुळव्याच्या हातात एक बटण दिलं, झाला वाटलं की दाबा. आणि मग शेजारच्या गावचा दुसरा गुळव्या आणला, त्यालापण वेगळं बटण, दोघांची तोंडं दोन दिशेला, एकच काहील. दोघांच्या बटणात मिनिटभराचा फरक! पहिला म्हणतोय ह्याला काय कळतंय, दुसरा म्हणतोय ऊस ८६०३२ जातीचा हाय का २६५ चा ते तरी विचारलंस का यंत्राला. पोरानं न चिडता दोघांचं किती जुळतंय तेच मोजलं, त्यासाठी कोहेनचा कप्पा म्हणून एक माप आहे, १९६० सालापासनं आहे, दोन माणसांचं मत नुसत्या योगायोगानं जुळेल त्यापेक्षा किती जास्त जुळलं ते सांगतंय. पोस्टरवर पहिला आकडा तो. मॉडेलचा नंतर. मी विचारलं मॉडेलची अचूकता किती, तर म्हणतोय "कुठल्या मामाच्या हिशोबानं सर?"

मी त्याला नावीन्याचे पंचवीस देऊन टाकले आणि अचूकतेचा रकाना रिकामा ठेवला.

पंचगंगेच्या पातळीचा प्रोजेक्ट नसेल असं कोल्हापुरात होणं शक्य नाही. जुलै लागला की इथं माणूस भेटल्यावर जेवला का विचारायच्या आधी किती फूट झाली विचारतोय, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे बारक्या पोराला पण पाठ आहे. ह्या ग्रुपनं आवाजाच्या लहरी सोडून अंतर मोजणारा सेन्सर लावलेला, स्वस्तातला, जो चार मीटरच्या पुढं बघत नाही. मी म्हणालो चार मीटर म्हंजे तेरा फूट, २०१९ ला नदी ५५ फुटांच्या वर गेल्ती, आणि बंधारा तर दर पावसाळ्यात सगळ्यात आधी पाण्याखाली जातोय, मग सेन्सर लावणार कुठं? एक जण गडबडला, पण दुसरा म्हणाला सर आम्हाला सगळी नदी मोजायचीच नाही, आम्हाला फक्त इशारा ते धोका एवढाच टप्पा पायजे, पुलाच्या कठड्याला लावायचा, खालचं काय झालं ते सरकारी फळ्यावर असतंयच. मला पटलं. वर त्यांनी हवेच्या तापमानाची दुरुस्ती केलती, २० अंशाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातोय आणि ३० अंशाला ३४९, तीन मीटरच्या अंतरात तेवढ्यानं पाच सेंटिमीटर म्हंजे दोन इंच इकडचं तिकडं होतंय. आणि पुरात लाईट आणि मोबाइल टॉवर दोन्ही जातात म्हणून निरोप लोरा म्हणून लांब पल्ल्याचा रेडिओ असतोय त्याच्यावरनं, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, ज्याला आपल्याकडं लायसन लागत नाही. चिखलीचा एक पोरगा होता त्यांच्यात, सगळी बडबड दुसऱ्यांनी केली, हा गप्प उभा. मी विचारलं तू काय केलंस, तर म्हणाला डबा. पाणी आत जाणार नाही असा डबा, तो तीन दिवस घरच्या हौदात बुडवून ठेवलेला. दोन पूर घरात घेतलेलं पोरगं, त्याला डब्याचंच पडणार.

दुपारी कटवडा आणि चहा झाला. बक्षीस कुणाला मिळालं तेपण इथंच सांगतो म्हंजे विषय संपला, आरोग्याच्या चॅटबॉटला. सादरीकरण भारी होतं, पोरगी बोलली पण झकास, आणि बाकीच्या दोन परीक्षकांनी पोस्टरच्या हिशोबानं मार्क दिलते. मी थोडा वाद घातला. थोडाच, कारण जास्त घातला असता तर मला पुढच्या वर्षी बोलवलं नसतं, आणि ते गुळाचं पुढं काय झालं ते मला बघायचंय.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. जेवणानंतर पालकांना आत सोडलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर दोन पोरी, मोडी वाचायचा प्रोजेक्ट. कोल्हापुरात मोडीला तोटा नाही, इथल्या पुरालेखागारात करवीर संस्थानचे रुमालच्या रुमाल, म्हंजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, आणि घराघरातल्या ट्रंकेत पणजोबांचे कागद. मोडी युनिकोडमध्ये आली ती २०१४ ला, म्हंजे त्याच्या आधी टाइप करून साठवायची धड सोयच नव्हती, शिकवायला तयार डेटा कुठनं मिळणार. पोरींनी ओळखीपाळखीच्या माणसांकडनं अक्षरं लिहून घेतली, एकीच्या आत्याला मोडी येतंय, तिच्याकडनं तपासून घेतली. आणि पोस्टरवर स्वच्छ लिहिलेलं, सुटं अक्षर वाचतंय, सलग मजकूर वाचत नाही. का वाचत नाही तेपण सांगितलं. मोडीत आधी आख्खी शिरोरेघ मारून घेतात आणि मग अक्षरं खाली लटकवत जातात, हात न उचलता, शब्द कुठं संपला ते कळतच नाही, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही. माणूस अर्थावरनं तोडतोय. मशीनला अर्थ कुठला.

मी त्यांच्याशी बोलत होतो तेवढ्यात एक काका आले. टोपी, पांढरा शर्ट, कुठल्यातरी दुसऱ्याच पोराचे वडील. पोस्टर नीट वाचलं, मग खिशातनं मोबाइल काढला.

"पोरी, हे वाचतंय का बघ तुझं मशीन."

फोटोत एक पिवळा पडलेला दस्त. घडीच्या जागी फाटलेला, कडेला कुणाच्यातरी अंगठ्याची सावली. पोरीनं सांगितलं काका हे सलग आहे, जमणार नाही, पण काकांचा चेहरा बघून टाकला बिचारीनं मशीनमध्ये. पडद्यावर आलं, मकतरवलह वगैरे. काही नाही. काका म्हणाले हां, म्हंजे न्हाई येत. आणि मोबाइल परत घ्यायला हात पुढं केला.

पोरगीनं मोबाइल सोडला नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि नाकाजवळ नेला. "थांबा काका, मी वाचतो की." (बाहेरच्यांसाठी, आमच्याकडं पोरी अशाच बोलतात.) आणि वाचाय लागली. अडखळत, एकेक शब्द तोडत. मौजे अमुक, सदरहू जमीन, उत्तरेस ओढा, मग दोन शब्द सोडले, मग आंब्याचे झाड, मग विहीर. दोन वर्षं हजारो अक्षरांना नावं देत बसलेली ती, हा क, हा म, हा र, मॉडेलला शिकवायला म्हणून. मॉडेल राहिलं बाजूला. तिची पार्टनर तोंड उघडं टाकून बघत होती, म्हणजे तिलापण माहीत नव्हतं.

"विहिरीचं काय म्हणतंय?" काका एकदम जवळ सरकले.

"विहीर हिस्सा... आणि इथं एक उभी रेघ आहे."

तिनं लॅपटॉपवर बघितलं. तिथं रेघ नव्हतीच. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं कपाळावर हात मारला, जुन्या कागदावर घडीच्या उभ्या खुणा असतात म्हणून त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये पहिल्या पायरीला सुट्या उभ्या रेघा पुसून टाकतात. कचरा समजून. आणि जुन्या हिशोबात उभी रेघ म्हंजे पाव. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. आमची आजी दुधाच्या कॅलेंडरवर दीड लिटरला १॥ लिहायची तेच हे.

"पाव. चौथा हिस्सा, काका."

"चौथा?" काका म्हणाले. "नीट बघ. आमचे चुलते सहावा म्हणत आल्यात."

तिनं परत बघितलं. म्हणाली मला तरी पावच दिसतोय, पण घडी पण असू शकते, शिकलेल्या मोडी वाचकाकडनं मूळ कागद वाचून घ्या, माझ्यावर जाऊ नका. हे तिनं तीन वेळा सांगितलं. मी साक्षीदार आहे.

काकांनी मोबाइल घेतला, पोरीला म्हणाले शिकली गं तू, आणि दाराकडं निघाले. मी तक्ता घेऊन अजून अचूकतेच्या रकान्यावर पेन धरून उभा, तेवढ्यात बाहेर व्हरांड्यातनं आवाज आला, आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

"हॅलो! अरे सहावा न्हाई, चौथा हाय, चौथा! कॉलेजात वाचून घेतलाय! न्हाई न्हाई, मशीनला काय येत न्हाई, पोरगीनं वाचलाय!"